लुगड्यावरून पटलेली ओळख

द्रोणागिरी
१८ फेब्रुवारी

प्रीतम,

फोन तू उचलत नाहीस. मेसेजला दोन निळ्या खुणा येतात आणि पुढे सामसूम, म्हणून कागद घेतला. ऑफिसातल्या पोरी हसतायत मला. मॅडम, आजकाल पत्र कोण लिहितं? म्हटलं, ज्याचं तोंड बघायची इच्छा उरलेली नाही त्याला लिहितात.

खुशाली विचारत नाही. तुझी खुशाली मला पेपरात दिसली. मोठ्या साहेबांच्या शेजारी ताठ उभा आहेस, मागे भिंतभर कॅमेऱ्यांचे पडदे, हातात प्रशस्तिपत्र. खाली छापलंय की अत्याधुनिक कॅमेरा प्रणालीमुळे पोलिसांवर दगडफेक करणाऱ्या महिलेची ओळख पटली. ती महिला म्हणजे आपली गोजराकाकी. आई गेल्यावर जिने आपल्या दोघांना वाढवलं ती. तुला भरतीच्या धावण्याचा सराव करायचा होता तेव्हा पहाटे खाडीच्या बांधावर तुझ्याबरोबर बॅटरी घेऊन चालायची ती. अंगात वर्दी चढली आणि तू पहिली शिकार म्हणून तिलाच धरलीस. शाब्बास.

तू हळदीला नव्हतास. रजा मिळाली नाही म्हणालास. म्हणून काय झालं ते तुला मी सांगते, तुझ्या पडद्याने काय सांगितलं ते बाजूला ठेव.

आपला चुलतभाऊ दिपेश, थोरल्या चुलत्यांचा मुलगा, त्याची हळद. रिवाजाप्रमाणे पहिली हळद गावदेवीला. नवऱ्याच्या अंगाला लागायच्या आधी आम्ही बायका बेंजोवाल्यांना पुढे घालून देवळाकडे निघालो. वाटेतच एकमेकींना माखून झालं होतं, केस, कान, पापण्या, सगळं पिवळं. देवळापाशी पोहोचतो तर पोकलेन उभं. गोदामांकडे जाणारा रस्ता रुंद करायचा म्हणून देवीच्या आवाराची भिंत अर्धी पाडून झालेली. ना कोणी गावात सांगितलं, ना नोटीस दाखवली. लग्नघरात माणसं गुंतलेली असणार, हाच मुहूर्त त्यांनी काढला होता. सोबत तुमचा बंदोबस्त. बोलाचाली झाली, ढकलाढकली झाली. एक दगड गेला. तो पोकलेनच्या काचेला लागायचा, तो लागला एका पोलीस पोरीला. संघप्रिया तिचं नाव. भुवई फाटली, डोळ्यात रक्त उतरलं. तिचं मला वाईट वाटलं, अजून वाटतं. वर्दीतली असली तरी कोणाची तरी लेक आहे.

पण गोजराकाकी तिथे नव्हतीच. ती मांडवात जात्यापाशी बसून धवले, लग्नाची गाणी, म्हणत होती. गावातली धवलारीन ती. ती उठली तर हळद पुढे कशी सरकणार, एवढं तुला कळायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तुमची गाडी आली. वऱ्हाड निघायच्या तयारीत होतं. वामन, म्हणजे तुझे भावोजी, आडवे गेले तर त्यांना बाजूला सारलं. मी साहेबांना म्हटलं, अहो, ही म्हातारी घराबाहेर पडलीच नाही. साहेब माझ्याकडे बघून हसले. म्हणाले, "बाई, तुमच्याच घरातल्या माणसानं ओळखलंय. आमचा काय दोष?"

दिपेशचं लग्न धवल्यांशिवाय लागलं. आपल्या घराण्यात असं कधी झालं नव्हतं. नवरीच्या बाजूच्या बायका कुजबुजत होत्या आणि आम्ही खाली माना घालून बसलो होतो.

आता तू जा आणि साहेबाला सांग, माझी चूक झाली. एवढंच काम आहे. त्यापलीकडे मला तुझ्याकडून काही नको.

सुचिता


द्रोणागिरी
२७ फेब्रुवारी

प्रीतम,

मला उत्तर द्यायला तुझा हात गेला नाही, पण दिपेशपाशी तोंड बरं उघडलंस. नवा नवरदेव बायकोला घरी ठेवून तुझ्या करंजाड्याच्या फ्लॅटवर आला, तुझ्यासमोर हात जोडले, आणि तू त्याला काय ऐकवलंस? "दिपेश, मी स्वतः बघितलंय. आडवं लुगडं होतं. गावात आता आडवं लुगडं काकीशिवाय कोण नेसतं?"

दिपेशने मला हे सांगितलं तेव्हा मी हसले. खरंच हसले. शेजारची सगुणा पळत आली, तिला वाटलं मला काहीतरी झालं.

अरे शहाण्या, सगळ्यांनी आडवं लुगडं नेसलं होतं. सगळ्यांनी! हल्ली पोरींना हळदीला आपलं जुनं नेसणं हवं असतं, फोटोत छान दिसतं म्हणून. जन्मभर त्या पंजाबी ड्रेसमध्ये वावरणार आणि हळदीला एक दिवस आगरी होणार. या वेळी घरातल्या झाडून साऱ्या बायकांना एकसारखी लुगडी घेतली, पिवळी, हिरव्या काठाची. नेसता कोणालाच येत नव्हती. सकाळपासून काकीने एकेकीला समोर उभी करून नेसवली. गुडघ्यापर्यंत वर घेऊन, पाठीमागे घट्ट खोचून, पदर आडवा. नेसवताना प्रत्येकीला एक धपाटा. "ताठ उबी ऱ्हा गो, पोत्यावानी काय वाकतं?" तू आला असतास तर तुला सगळं अंगण लुगड्यांनी भरलेलं दिसलं असतं. तू आला नाहीस. तू पडद्यावर एक लुगडं बघितलंस आणि तुझ्या डोक्यात लहानपणची काकी उभी राहिली.

तुझी बायको तरी विचारायचीस. प्रियदर्शिनी होती ना हळदीला. पोरीला कडेवर घेऊन सकाळीच आली होती. तिला एका शब्दाने विचारलं असतंस तर तिने सांगितलं असतं की कोण काय नेसलं होतं. पण घरात विचारायची तुला सवय नाही. तू बघणारा माणूस.

दिपेशने बाकीचंही सांगितलं. म्हणजे तूच त्याला सांगितलंस, मोठेपणा मिरवायला की मन मोकळं करायला ते तुझं तुला ठाऊक. चेहरा ओळखणारं ते तुमचं सॉफ्टवेअर हळदीपुढे आंधळं झालं. ड्रोनचं बघितलं, खांबावरच्या कॅमेऱ्याचं बघितलं, एका तोंडाला दुसरं तोंड जुळेना. बाहेरचे पाहुणे ती कंट्रोल रूम बघायला यायचे होते, साहेब डोकं धरून बसले होते. आणि मग आपला प्रीतम खुर्चीतून उठला. साहेब, मी त्याच गावचा, मी सांगतो. कागदावर तुझं नाव कुठेच नाही. कागदावर लिहिलंय, प्रणालीने ओळख पटवली. तुझा अंदाज त्यांनी मशीनच्या तोंडी घातला आणि आता तो अंदाज राहिला नाही, तो पुरावा झाला.

म्हणून तुला मागे फिरता येत नाही. तू चूक म्हणालास तर मशीन चुकलं असं होतं, आणि मशीन चुकलं तर साहेब चुकले. हे सगळं तू दिपेशला सांगितलंस आणि वर म्हणालास, "माझीपण नोकरी आहे रे." काकीचं काय आहे मग? तिला नोकरी नाही, म्हणून तिला आत बसवायची?

तो खांबावरचा कॅमेरा आठवतो? देवळापाशी बसवायला गावाने आधी विरोध केला होता. तूच येऊन बैठक घेतलीस, चोऱ्या थांबतील, पोरीबाळी सुखरूप राहतील. तुझ्या शब्दाखातर काकीने त्या खांबाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, देवळातून वीज द्यायला गावाला तयार केलं. आजवर त्या कॅमेऱ्याने एकही चोर धरला नाही. सगुणाची मोटर चोरीला गेली तेव्हा म्हणे तो बंद होता.

हळदीचे फोटो पाकिटात घातलेत. मोज लुगडी.

सुचिता


द्रोणागिरी
१४ मार्च

प्रीतम,

जामीन फेटाळला. तुला कळलं असेलच, तुला काय, सगळंच दिसतं. तुमच्या वकिलाने प्रणालीचा अहवाल पुढे केला आणि आमच्या वकीलबाईंना नीट बोलूही मिळालं नाही. मांडवातल्या साक्षी द्यायला गावचं अर्धं माणूस तयार होतं, तर म्हणे हे सगळे नातेवाईक. लग्नाच्या मांडवात नातेवाईक नसतील तर कोण असेल?

काकीला भेटून आले. मधे जाळी, बाजूला तिघी-चौघी ओरडून बोलणाऱ्या, ऐकू येत नव्हतं. वाळलीय. तिथे लुगडं आडवं नेसू देत नाहीत की तिलाच लाज वाटते, माहीत नाही, पण साध्या पाचवारीत होती. मी तिला ओळखायला क्षणभर चुकले.

मी रडायला लागले तर मलाच ओरडली. "रडतं कशाला? मी काय मेली हाय? हितं बी बायाच हान. परवा एकीचा वाढदिवस व्हता, धवला गायली मी." मग तुझं विचारलं. कसं विचारलं ते सांगत नाही, तुझी ती लायकी नाही. मी तिला म्हटलं, काकी, तू एकदा तरी कोर्टात ओरडून सांग की मी नव्हते. तर म्हणाली, "मी नव्हती तं सांगितला की. पन कोन व्हती ते मी नाय सांगनार. तिना ल्हान पोर हाय. मना कोन हाय?"

म्हणजे तिला माहीत आहे. होय, मलाही माहीत आहे. मी त्या बाईच्या हाताशी उभी होते. दगड उचलताना बघितली, थांबवायला हात पुढे केला, तोवर गेला. त्या दिवशी घरी परतताना आम्ही सगळ्या बायकांनी देवीसमोर शब्द घेतला की कोणी कोणाचं नाव घ्यायचं नाही. त्या वेळी आम्हाला वाटलं होतं की फार तर सगळ्यांना बोलावतील, दटावतील, सोडतील. एकटीला उचलतील आणि तीही नसलेलीला, हे डोक्यात आलं नव्हतं.

आता तुझा नवा निरोप. दिपेशच्या फोनवर तीन ओळी. "ताईला सांग, काकी नाही तर कोण, ते नाव दे. नाव मिळालं तर मी साहेबांशी बोलतो."

वा रे वा. एका बाईच्या बदल्यात दुसरी बाई. बाजारात वांगी बदलून घेतात तसं. तुला चूक कबूल करायची नाहीच, तुला फक्त नवं तोंड हवंय, म्हणजे मशीनने आणखी एक ओळख पटवली म्हणून मिरवायला. मी नाव देणार नाही. नाव न देताही तुला खरं बोलता येतं. "मी अंदाजाने सांगितलं, मला खात्री नव्हती," हे म्हणायला कोणाचं नाव लागतं?

गावात तुझ्याबद्दल काय बोलतात ते ऐकायचंय? भावकीच्या बैठकीत तुला वाळीत टाकायची भाषा झाली. वामन म्हणाले, असलं काही आता चालत नाही, कायदा आहे. गावकीतल्या एकाने उत्तर दिलं, "कायदा हाय तं मंग गोजरी आत का?" मी बैठकीत तुझ्या बाजूने एक शब्द बोलले नाही. पूर्वी बोलले असते. तू प्रियदर्शिनीशी लग्न केलंस, साताऱ्याकडची पोर, बाप इकडे मार्केटात माथाडी, तेव्हा याच लोकांनी तोंडं वाकडी केली होती. तेव्हा मी आणि काकी दोघीच तुझ्या बाजूने उभ्या होतो.

तुझी पत्रं प्रियदर्शिनीच फोडते हे मला माहीत आहे. तू कामावर असतोस, पोस्टमन दुपारी येतो. फोडू दे. वाचू दे तिला.

सुचिता


द्रोणागिरी
२६ मार्च

प्रीतम,

वकीलबाईंनी अर्जावर अर्ज करून शेवटी ती क्लिप मिळवली. आज ऑफिसातून अर्धी रजा टाकून मी त्यांच्याकडे बसले होते आणि ज्याच्यावरून काकी आत बसलीय ते पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

किती लांबून घेतलंय रे ते! पिवळा गोळा, त्याला हात-पाय. लुगडं दिसतं, तोंड कुठे दिसतं? आणि एवढ्यावर तू उठलास. मी वकीलबाईंना म्हटलं, पुन्हा लावा. पुन्हा लावलं. मग मी त्यांना पडदा थांबवायला सांगितला, जिथे हात वर गेलाय तिथे.

तुझ्याजवळ मोठा पडदा आहे. जा आणि तिथेच थांबव. मनगटाकडे बघ. हिरव्या बांगड्या आहेत, कोपरापर्यंत. मांडवात कासारीण बसवली होती, घरातल्या सुवासिनींनी चुडा भरला. काकीच्या हातात हिरवी बांगडी चढेल का? काका गेले तेव्हा तू चौथीत होतास, बांगड्या फोडताना तू दाराआड उभा राहून बघत होतास आणि नंतर जेवला नव्हतास. तेव्हापासून तिच्या हातात दोन पितळी बिलवर, बाकी काही नाही. गावातल्या कुठल्याही बाईला हे एका नजरेत दिसलं असतं. तुझ्या त्या खोलीत एवढे पडदे, एवढी माणसं, आणि तिथे मनगट बघणारी एक बाई बसवली नाही कोणी.

वकीलबाई म्हणतात हे कोर्टापुढे ठेवू. ठेवतील. पण त्या असंही म्हणाल्या की समोरचे म्हणतील, विधवेने हिरवी बांगडी घालू नये असा काय कायदा आहे? हल्ली घालतात की. खरंय. काकी घालत नाही हे सांगणार कोण? पुन्हा आम्हीच, नातेवाईक. तुझ्या तोंडून आलं तर वजन पडेल, कारण तुझ्याच तोंडून ती आत गेली.

आणि दुसरी गोष्ट. आता तू क्लिप बघशीलच, तर नीट बघ. विवाहित बाई आहे. तरणी आहे, म्हातारीला असा हात उचलता येत नाही. कोण आहे ते मला विचारू नकोस. तू बघ. तुझा पगार त्याचाच आहे. दगड उचलायला वाकते तेव्हा डावा हात कमरेवर ठेवते, हे बघ. कोण असं वाकतं? कोणाचं बाळंतपणानंतर कमरेचं दुखणं गेलं नाही? रोज तुझ्यासमोर केर काढताना कोण असं वाकतं?

बस. मी जास्त लिहिलं. खोडणार होते, पण खोडत नाही.

प्रियदर्शिनी, तू हे वाचत असशील तर ऐक. काकीने तुझं नाव घेतलेलं नाही, मीही घेणार नाही, गावात कोणी घेणार नाही. तू आमच्यात आलीस त्या दिवसापासून तुला परकी म्हणणाऱ्या बायकासुद्धा तोंड शिवून बसल्यात. तुला जे करायचं असेल ते तू कर. तुझ्यावर माझा राग नाही. माझा राग ज्याच्यावर आहे त्याने हे पत्र आधी वाचायला हवं होतं.

सुचिता


द्रोणागिरी
१२ एप्रिल

प्रीतम,

हे शेवटचं. यानंतर मी लिहिणार नाही, तू लिहिलंस तर वाचणार नाही.

जे झालं त्यातलं अर्धं तुझ्यासमोर झालं, तरीही लिहिते, कारण त्या दिवशी तुझ्या साहेबाच्या केबिनमध्ये तू काय बोललास ते तुझ्या घरात कागदावर राहायला हवं.

प्रियदर्शिनी माझ्या दारात आली ती पोरीला घेऊन. पिशवीत पोरीचे कपडे, दुधाची बाटली. म्हणाली, "वन्सं, हिला ठेवा. मला जायाचंय." मी म्हटलं, कुठे? तर म्हणाली, "जिथं काकी हाय तिथं." मी तिला अडवलं. खोटं नाही सांगत, अडवलं. म्हटलं, वकीलबाईंना विचारू, दुसरा मार्ग काढू. तर ती रडत रडत माझ्यावरच ओरडली. "मला नेसवताना काकी काय म्हनली ठावं हाय का? आज आमच्या घरातली वाटतीस गं. इतक्या वर्षांत मला असं कुनी म्हनलं न्हवतं. अन् त्याच दिवशी ते लोक देवीची भिंत पाडायलेत. माझा हात ऱ्हायला न्हाई. मशीनला मारला व्हता वन्सं, त्या पोरीला न्हाई. द्येवाशपथ." मग मी तिच्याबरोबर गेले.

साहेबांना आधी खोटंच वाटलं. म्हणाले, आरोपी आत आहे, प्रणालीने ओळखलेली आहे, तुम्ही कशाला मधे येता? तिने नाव सांगितलं, तुझी बायको म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी तुला बोलावून घेतलं. तू आलास. माझ्याकडे बघितलं नाहीस. तिच्याकडे बघितलंस आणि तुझा पारा चढला, की हिने मला ऑफिसात लाज आणली. साहेबांनी त्यांच्या मोबाइलवर क्लिप लावून तुझ्या हातात दिली. विचारलं, "सिंपल विचारतो, ही तुमची मिसेस आहे का?"

तू बघितलंस. पुन्हा लावलंस, पुन्हा बघितलंस. आणि म्हणालास, "नाही साहेब. हिला तसलं नेसताच येत नाही. ही आमच्यातली नाही. घरच्यांनी डोक्यात काहीतरी भरवलंय हिच्या."

ती तुझ्यापासून हातभर लांब उभी होती.

तू नंतर दिपेशला सांगितलंस म्हणे की तिला वाचवायला तसं बोललास. तसं असतं तर मी तुझे पाय धुतले असते. नवऱ्याने बायकोला वाचवायला खोटं बोलावं, मला ते समजलं असतं. पण मी तुझं तोंड बघत होते, प्रीतम. लहानपणी तू खोटं बोललास की कान लाल व्हायचे, आजही होतात. त्या दिवशी तुझे कान लाल नव्हते. तू खरं बोलत होतास. तुला ती खरंच ओळखू आली नाही.

ती मागच्या भिंतीपाशी गेली. बाकावर बसली ती बसलीच.

काकीला सोडवलं ते तू नाहीस आणि मीही नाही. त्या संघप्रियाने सोडवलं. तिच्या भुवईवर अजून टाके दिसतात, त्या डोळ्याने अंधुक दिसतं. तिला कळलं की कोणी बाई हजर झालीय, तर रजेवर असताना साध्या कपड्यात आली. प्रियदर्शिनीसमोर उभी राहिली, बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं आता मारते. तर साहेबांकडे वळून म्हणाली, "सर, मी हॉस्पिटलमध्येच सांगितलं होतं की पोरगी होती, म्हातारी नव्हती. माझा जबाब कोणी घेतलाच नाही. म्हणाले, ओळख पटलीय, गरज नाही." तू पंख्याकडे बघत होतास. तिने वकीलबाईंना सांगितलं की हे मी कोर्टातही बोलेन, आणि बोलली. मार खाल्लेली ती, वर्दी तिच्या अंगावरही आहे, नोकरी तिलाही आहे.

प्रियदर्शिनी तिच्या पाया पडायला गेली, तर ती मागे सरली. म्हणाली, "पाया पडू नका. माझा राग गेलेला नाही." मला ते आवडलं. खोटं माफ केलं नाही तिने.

प्रियदर्शिनी आत गेली आणि काकी घरी आली. बेंजो वाजवायचा म्हणत होती पोरं, तिने हाकलून दिली. "सून माजी आत हाय आनि तुमी नाचताव?" देवळाच्या पडक्या भिंतीपाशी जाऊन बसली. काम सध्या थांबलंय, कोर्टाचा मनाई हुकूम आहे, पुढचं पुढे. खांबावरचा कॅमेरा अजून तिथेच आहे. पोरं म्हणाली फोडू, वामन नको म्हणाले.

तुझी बदली झाल्याचं कळलं. प्रशस्तिपत्र परत घेतलं का ते नाही कळलं. अहवालात म्हणे आता दुरुस्ती झालीय, प्रणालीच्या साहाय्याने खऱ्या आरोपीपर्यंत पोहोचता आलं. तुम्ही लोक धन्य आहात.

पोर माझ्याकडे राहील. तिला भेटायला ये, मी दार लावणार नाही, पण आत बसायला सांगणार नाही. ती आता मला आत्या म्हणायला शिकलीय आणि रोज संध्याकाळी दाराकडे बघते. आईसाठी बघते.

काल तुरुंगात भेटीला गेले होते. आत असलेल्या बाईला सांगावं लागतं की भेटायला कोणाकोणाला सोडायचं. तिने काकीचं नाव दिलंय, माझं दिलंय, साताऱ्याहून येणाऱ्या आईचं दिलंय. मी जाळीपलीकडून विचारलं, "आणि प्रीतमचं?"

ती म्हणाली, "त्यास्नी कशाला, वन्सं? मला वळखत न्हाईत ते."

सुचिता